दोन साथींची बेरीज

जानेवारी २०२५ची गोष्ट. टीव्हीवर एचएमपीव्ही नावाचा 'नवा' विषाणू धुमाकूळ घालत होता (नवा कसला, नेदरलँड्समध्ये तो २००१ सालीच सापडलाय). ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका मित्राने लॅपटॉप उघडून आलेख दाखवला. निळी रेघ फ्लूची, नारिंगी एचएमपीव्हीची आणि त्यांच्या डोक्यावर एक जाड लाल रेघ, एकूण रुग्णांची. म्हटलं, ही लाल कशी काढलीस? "अरे, प्लस!" एक्सेलमधलं साधं प्लस. संध्याकाळपर्यंत तोच आलेख तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून फिरून माझ्याकडे परत आला. तिसऱ्या वेळी त्यावर 'आयटी तज्ज्ञांचे मॉडेल' असं लिहिलेलं होतं.

आता राग धरायचा मला तसा काही अधिकार नाही. एप्रिल २०२०मध्ये घरात कोंडलेल्या हजारो इंजिनियरांसारखा मीही पायथनमध्ये तीसेक ओळींचं एसआयआर मॉडेल लिहिलं होतं. माणसांचे तीन डबे: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झालाय ते, जे त्यातून बाहेर पडले ते. मे अखेर सगळं आटोपणार, असं मी छातीठोकपणे घरी जाहीर केलं. त्या भरवशावर मामाने जूनचा हॉल बुक केला. तो विषय आमच्या घरी अजून निघतो. असो.

गंमत म्हणजे या तीन डब्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष मुंबईशी जोडलेला आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात त्यांनी आपलं सूत्र ताडून पाहिलं ते मुंबईतल्या १९०५-०६च्या प्लेगच्या मृत्यूंवर. रेघ काय सुंदर बसली होती! पण तो प्लेग मुख्यतः उंदीर आणि पिसवांचा, ऋतूप्रमाणे कमी-जास्त होणारा, आणि सूत्र मात्र माणसाकडून माणसाला होणाऱ्या रोगाचं. निकोला बाकाएर या गणितज्ञाने २०१२ साली हे नीट उलगडून दाखवलं. म्हणजे रेघ जुळली, पण कारण भलतंच होतं. निबंध मोठाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'फिट बसतंय ना, मग झालं' म्हणणाऱ्या आपल्या जमातीने हा किस्सा मॉनिटरवर चिकटवून ठेवावा.

तर, प्लस. दोन रोग एकाच गावात फिरतात तेव्हा डबे तीन अधिक तीन होत नाहीत. तीन गुणिले तीन, नऊ होतात. फ्लू झालेला पण दुसरा न झालेला, दुसरा होऊन गेलेला आणि आता फ्लू असलेला, दोन्ही एकदम असलेला वगैरे. अकरा विषाणू घेतलेत तर १,७७,१४७ डबे. खरी मेख मात्र डब्यांच्या संख्येत नाही, डब्यांमधल्या बाणांवर आहे. एक रोग अंगात असताना दुसरा लागण्याची शक्यता किती पट होते, हा आकडा त्या बाणावर लिहावा लागतो. तो १ असेल तर दोन रोगांना एकमेकांची खबरच नाही आणि तुमचं प्लस बऱ्यापैकी चालेल (दोन्ही झालेला माणूस दोनदा मोजला जाईल, तो बग वेगळा). १ पेक्षा मोठा असेल तर एक रोग दुसऱ्याला दार उघडून देतो. लहान असेल तर दार लावून घेतो. आमच्या मित्राने काहीच लिहिलं नाही, म्हणजे १ लिहिला. न सांगता. माझा आक्षेप आहे तो या 'न सांगता'वर.

कारण हा आकडा क्वचितच १ असतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या फ्लू आणि न्यूमोकॉकल निमोनियाच्या आठवडेवार नोंदींवर श्रेष्ठ, रोहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच मॉडेल बसवलं (२०१३). उत्तर आलं, फ्लू झालेल्या माणसाला हा निमोनिया होण्याची शक्यता सुमारे १०० पट, पण साधारण आठवडाभरच. वर्षभराच्या निमोनियात या जोडगोळीचा वाटा लहान, पण फ्लू ऐन भरात असतो त्या आठवड्यांत मोठा. आणि वॉर्डातले बेड संपतात ते त्याच आठवड्यांत. वार्षिक सरासरी काढून बसलात तर हे दिसणारच नाही. १९१८च्या फ्लूत दगावलेल्यांच्या जपून ठेवलेल्या ऊतींची २००८ साली पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही बहुतेकांचा जीव मागून आलेल्या जिवाणूजन्य निमोनियाने गेल्याचं दिसलं. दुष्काळात तेरावा महिना, तोही पहिल्यानेच बोलावून आणलेला.

उलटंही होतं. ग्लासगोमध्ये २००५ ते २०१३ या काळातल्या ४४ हजारांहून जास्त आजारपणांचे नमुने ११ विषाणूंसाठी तपासले गेले. फ्लू ए आणि साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस एकमेकांना टाळताना दिसले. २००९ची स्वाइन फ्लूची साथ फ्रान्समध्ये उशिरा भरात आली ती ऱ्हायनोव्हायरसमुळे असावी, असंही तिथल्या संशोधकांनी मांडलंय. इथे प्लस केलंत तर भीती फुकटची वाढते. म्हणजे प्लसची चूक कुठल्या बाजूला होईल, हेसुद्धा आधी सांगता येत नाही!

यावर 'दोन्ही आलेख एकदम वर जातात, म्हणजे संबंध आहेच' म्हणणारे भेटतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पावसाळ्यात छत्र्याही वाढतात आणि डासही. याहून बेरकी सापळा दवाखान्यातल्या आकड्यांत असतो. तिथे आलेला प्रत्येक जण कशाने तरी खोकतोच आहे. फ्लू नसेल तर दुसरं काहीतरी असणारच. त्यामुळे ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, असे दोन विषाणूही तिथे एकमेकांना टाळताना दिसतात. ग्लासगोच्या मंडळींनी हा सापळा ओळखूनच हिशेब मांडला होता. आपण सीएसव्ही डाउनलोड करतो आणि थेट एंटर मारतो.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितोय? गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या काकांना फ्लू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी ते बाजारात गेले, सातव्या दिवशी थंडी वाजून ताप परत चढला. घरातल्यांनी, आणि त्यात मीही होतो, म्हटलं की व्हायरल आहे, उलटलं असेल, दोन दिवस बघू. निमोनिया निघाला. नऊ दिवस आयसीयू. 'आठवडाभर १०० पट' हे वाक्य मी तोवर दोनदा वाचलेलं होतं. दोन्ही वेळा ते मला समीकरणातला एक पॅरामीटर वाटलं.

मॉडेल थोतांड असतं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. ती पळवाट आहे आणि आळशी आहे. नऊ डब्यांचं प्रामाणिक मॉडेल फार कामाचं असतं, कारण त्यातून थेट विचारता येतं की फ्लू कमी केला तर निमोनिया किती कमी होईल. आपल्याकडे न्यूमोकॉकसची लस राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७पासून टप्प्याटप्प्याने आली, ती बाळांसाठी. फ्लूची लस त्या कार्यक्रमात नाही. साठीच्या पुढच्यांना ती द्यावी का, कुठल्या महिन्यात, किती खर्चात, याचा हिशेब करताना बाणावरचा आकडा १ धरला की लसीचा फायदा कमी दिसतो आणि फाइल बंद होते. तो आकडा आपल्या शहरांसाठी काढायचा तर एकाच नमुन्याची दोन्ही रोगांसाठी तपासणी हवी, आठवड्यागणिक, वर्षानुवर्षं, आणि कुणालाही उघडता येईल अशा फाइलीत. गल्लीतल्या दवाखान्यात मामला 'व्हायरल आहे'च्या पुढे सरकत नाही, आणि आपण वर रंगीत रेघा ओढतो.

मित्राला मी तो आलेख परत पाठवला आणि एकच सेल वाढवायला सांगितला. त्यात आकडा टाक आणि तो कुठून आणलास ते शेजारी लिही, म्हटलं. दुसऱ्या दिवशी फाइल आली. सेल होता, त्यात १ होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'गृहीत धरला'. मी ती तशीच तिन्ही ग्रुपांवर टाकली.