दया नको, काम हवे

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी एकदा डोळ्यांनी पाहून यावे, ही आमच्या धर्मग्रामातील मंडळींची बरेच दिवसांची इच्छा गेल्या हिवाळ्यात सफळ झाली. नालाबंडिंग पाहिले, पाझर तलाव पाहिला, यादवबाबांच्या मंदिरात क्षणभर टेकलो. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले तेव्हा हा माळ उजाड होता. पाऊस पडत असे, पण पडलेले पाणी अडवणारे कोणी नसल्यामुळे ते वाहून जात असे. गावाने श्रमदानाने ते अडवले, ही हकीकत आता पाठ्यपुस्तकांतूनही वाचावयास मिळते.

परंतु आमच्या मनात घर करून राहिली ती पाण्यापेक्षा शाळेची गोष्ट. गावाने १९७९ साली माध्यमिक शाळा काढली आणि पुढे इतर शाळांनी नापास म्हणून, उनाड म्हणून दाराबाहेर घालवलेल्या मुलांना अग्रक्रमाने प्रवेश देण्याचा उलटा रिवाज पाडला. जिथे गुणपत्रिकेने दार लावून घेतले, तिथेच या गावाने ते उघडले.

परतीच्या प्रवासात एक माता आमच्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "फादर, नापास मुलांची शाळा निघते, मग मुलाखतीत नापास होणाऱ्यांचे कचेरी-कारखाने का निघू नयेत?"

आम्ही निरुत्तर झालो, आणि त्याला कारण होते. या बाईंचा मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्याला ॲस्पर्जर सिंड्रोम आहे, असे डॉक्टरांनी सांगितलेले. आमच्याच एका संस्थेत लेखनिकाच्या जागेसाठी तो मुलाखतीस आला होता आणि निवड समितीत आम्हीही होतो. त्याने एकदाही आमच्या नजरेला नजर दिली नाही. "ही नोकरी तुम्हांला का हवी?" या प्रश्नावर तो म्हणाला, "जाहिरात आली म्हणून." समितीत हशा पिकला. पाच मिनिटांत त्याचा निकाल लागला. पुढे याच तरुणाने धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्यांची वर्णानुक्रमे सूची विनावेतन करून दिली आणि अनेक वर्षे कोणाच्याही ध्यानात न आलेल्या चुकीच्या तारखा शोधून काढल्या. ज्या गुणासाठी लेखनिक नेमावयाचा, तो गुण त्याच्यापाशी भरपूर होता. आम्ही मात्र परीक्षा घेतली ती गोड बोलण्याची.

ॲस्पर्जर म्हणजे वेड नव्हे आणि मतिमंदत्वही नव्हे. स्वमग्नतेच्या व्यापक पटातील ही एक अवस्था. बुद्धी व भाषा शाबूत, पुष्कळदा तल्लख. परंतु समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव, बोलण्यातील आडवळण, न सांगता समजून घ्यावयाचे संकेत हे सारे अशा व्यक्तीला परक्या लिपीसारखे वाटते. आता आमच्या मुलाखती पाहा. त्यांत नेमके याच लिपीचे वाचन करावयास सांगतात!

जगात काहींनी ही चाळणीच बदलली आहे. डेन्मार्कचे थॉर्किल सोन्ने यांचा मुलगा स्वमग्न. त्यांनी दूरसंचार क्षेत्रातील नोकरी सोडून २००४ साली 'स्पेशलिस्टर्न' ही कंपनी स्थापन केली आणि संगणक-प्रणालीतील चुका हुडकण्याच्या कामी मुख्यत्वे अशाच व्यक्ती नेमल्या. तेथे उमेदवाराला लेगोच्या ठोकळ्यांचे यंत्रमानव जोडावयास देतात. प्रश्नोत्तरांऐवजी त्याच्या हातचे काम पाहतात. बर्लिनमध्ये २०११ साली 'ऑटिकॉन' ही अशीच कंपनी निघाली. तिचे संस्थापकही एका स्वमग्न मुलाचे वडील. तेथे कर्मचाऱ्याच्या अडचणी समजून घेण्यासाठी मार्गदर्शक नेमलेले असतात. 'सॅप' या जर्मन कंपनीने २०१३ साली अशा नेमणुकांचा मोठा कार्यक्रम जाहीर केला आणि तिच्या बंगळूरच्या कार्यालयातही अशा व्यक्ती कामाला लागल्या. फार दूर कशाला, मुंबईत जुहू येथे यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ साली 'कॅफे अर्पण' सुरू केले. तेथे स्वमग्नता, डाउन सिंड्रोम यांसारख्या अवस्था असलेले प्रौढ स्त्रीपुरुष स्वयंपाकघर व पाहुण्यांची सरबराई सांभाळतात.

यावर आमचे शहाणे लोक दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, अशा लोकांना वेगळे बसवणे म्हणजे नवे गावकुसच उभे करणे. आक्षेप वजनदार आहे, पण तो कोण घेतो? ज्यांनी आपल्या कचेरीत एकालाही जागा दिली नाही, तेच! शिवाय स्पेशलिस्टर्न किंवा ऑटिकॉनची माणसे भिंतीआड कोंडलेली नसतात. पुष्कळदा ती इतर कंपन्यांच्या कार्यालयांत जाऊन तेथील लोकांसमवेत काम करतात. राळेगणच्या शाळेत आलेले मूल काही जन्मभर 'नापास' राहिले नाही. अडवलेले पाणी जिरते ते पुढे विहिरींना पाझरावे म्हणूनच.

दुसरा आक्षेप पैशाचा. "फादर, संस्था म्हणजे धर्मादाय खाते नव्हे." मान्य. पण सूचना तोंडी न देता कागदावर लिहून देणे, कामाची वेळ व जागा ऐनवेळी न बदलणे, गोंगाटापासून दूर टेबल देणे, अडल्यास कोणाला विचारावे ते एक नाव ठरवून देणे, याला असा कोणता खजिना लागतो? खरे पाहता अशा शिस्तीने सगळ्यांचेच काम सुधारेल.

मात्र एका गोष्टीविषयी आम्हांला या नव्या कंपन्यांच्या चाहत्यांशीही भांडावयाचे आहे. "ही माणसे अलौकिक बुद्धीची असतात, म्हणून त्यांना घ्या," असे ते म्हणतात. हा 'म्हणून' घातक आहे. ज्यांच्या नावाने ही अवस्था ओळखली जाते ते व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात या मुलांपैकी काहींची बुद्धी समाजाला उपयोगी पडेल, असे आवर्जून मांडले. परंतु हर्विग चेक या इतिहाससंशोधकांनी २०१८ साली जुनी कागदपत्रे उजेडात आणली, तेव्हा दिसले की याच डॉक्टरांनी काही मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' येथे धाडण्याची शिफारस केली होती. नाझी राजवटीत त्या संस्थेत शेकडो अपंग बालकांचा जीव घेतला गेला. हे डॉक्टर कॅथोलिक होते, हे आम्ही वाचकांपासून लपवू इच्छित नाही. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी ॲस्पर्जर हे स्वतंत्र निदान रद्द करून ते स्वमग्नतेच्या पटात सामावले, ते वैद्यकीय कारणांसाठी. नाव गेले, पण उपयोगी आणि निरुपयोगी अशी माणसांची वाटणी करणारी ती चाळणी आमच्या मनातून गेली आहे काय? संगणकात प्रवीण असलेल्या मुलाचे कौतुक, आणि जो केवळ पिशव्या नीट भरू शकतो त्याच्यासाठी एक उसासा. ही तीच चाळणी, फक्त छिद्रे बारीक.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर 'लाबोरेम एक्झर्चेन्स' हे परिपत्रक काढले. केवळ पूर्ण कार्यक्षम माणसांनाच कामात सामील करून घेणे माणुसकीला शोभणारे नाही, असा त्याचा स्पष्ट आशय आहे. द्राक्षमळ्याचा दाखला तर आम्ही दर तीन वर्षांनी रविवारच्या वाचनात ऐकतो. दिवस कलला तरी चौकात उभी असलेली ती माणसे आळशी नव्हती. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. धनी त्यांची मुलाखत घेत नाही, मळ्यात पाठवतो.

सरकारचा कायदाही आमच्यापुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यताप्राप्त अपंगत्वात स्थान दिले आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांमध्ये तिचाही वाटा ठेवला. आमच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे, कार्यालये गावोगाव उभी आहेत. कायद्याने भाग पाडीपर्यंत आम्ही थांबावयाचे काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. धर्मग्रामाशी संबंधित प्रत्येक संस्थेने पुढील नेमणुकीच्या वेळी निदान एका जागेसाठी मुलाखत रद्द करावी आणि त्याऐवजी आठ दिवस पगार देऊन प्रत्यक्ष काम करावयास सांगावे. नोंदी, ग्रंथालय, भांडारगृह, बाग, स्वयंपाकघर. जागा कोणतीही असो. आठ दिवसांनी कामच साक्ष देईल. या मंडळींसाठी वर्षातून एकदा फराळ आणि टाळ्यांचा कार्यक्रम करून आपण मोकळे होतो, ते आता पुरे.

सुरुवात आम्ही आमच्यापासून करीत आहोत. त्या मातेच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली. तिचा मुलगा खिडकीकडे पाहत म्हणाला, "नोंदवह्यांची सूची अर्धीच झाली आहे. उरलेली कधी करायची?" येत्या सोमवारपासून तो धर्मग्रामाच्या कार्यालयात येणार आहे. या खेपेस वेतनावर.