दया नको, नकारही नको, परीक्षा हवी!

अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तीने मोटार चालवावी काय? हा प्रश्न कानी पडताच बहुतेकांच्या तोंडून ‘छे, भलतेच काय!’ असा उद्गार निघतो. 2022 या एकाच वर्षात देशातील रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली, हे ध्यानी घेता ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु नुसती भीती म्हणजे धोरण नव्हे.

नेदरलँड्सने या प्रश्नाचा निराळा विचार केला. चष्म्याच्या भिंगाच्या वरच्या भागात लहानशी दुर्बीण बसवितात. चालक बहुतांश वेळ साध्या भिंगातूनच पाहतो. दूरचा फलक वा सिग्नल निरखायचा असेल तेव्हाच मान किंचित झुकवून क्षणभर दुर्बिणीतून नजर टाकतो. यातील खरी किमया भिंगाची नव्हे, सरावाची आहे. म्हणूनच तेथे आधी प्रयोग झाला आणि मगच, 2009 मध्ये, कायद्याची मान्यता मिळाली. अमेरिकेतील अनेक राज्यांतही अशी अनुमती आहे. काही ठिकाणी ती केवळ दिवसापुरती असते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? खासगी वाहनाच्या परवान्यासाठी 25 मीटरवरील मोटारीची नंबरप्लेट दिवसाउजेडी ओळखता येते काय, हे अर्जदार स्वतःच घोषित करतो. म्हणजे प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिणाऱ्यास दार बंद आणि बेधडक ‘होय’ लिहिणाऱ्यास रान मोकळे! हा अन्याय दिव्यांग बांधवांवर तर आहेच, पण त्याहून अधिक तो रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या निरपराध पादचाऱ्यावर आहे.

नियम बदलत नाहीत, असेही नाही. सौम्य व मध्यम रंगांधत्व असणाऱ्यांना 2020 मध्ये परवान्याची वाट मोकळी झाली. 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू आहेत. हलक्या वाहनासाठी तेथे 29 तासांचा अभ्यासक्रम आहे.

तथापि, परदेशातील सवलत जशीच्या तशी उचलणे घातक ठरेल. उलट दिशेने येणारी वाहने, मागे दिवा नसलेली ट्रॉली, मध्येच बसलेली गुरे हे आपले रस्ते आहेत. यास्तव प्रथम प्रत्येक अर्जदाराची नेत्रतपासणी सक्तीची व्हावी. त्याच वेळी एखाद्या प्रशिक्षण केंद्राच्या बंदिस्त मार्गावर, नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, दुर्बिणीच्या चष्म्याचा प्रयोग सुरू करावा. त्याचे निष्कर्ष हाती येईपर्यंत सार्वजनिक रस्त्यावर परवाना देऊ नये. आणि ते आल्यावर, पात्र ठरणाऱ्यास तो नाकारूही नये.

दिव्यांगाला समाजाकडून दयेची भीक नको असते. आपली क्षमता सिद्ध करण्याची संधी तरी मिळावी, एवढेच त्याचे मागणे आहे. ते पुरविण्याइतकी दृष्टी शासनाला आहे काय?