विषाणू दबला, मग पेशी का वाढेनात?

कार्तिक महिना. काशीचा पंचगंगा घाट. अजून उजाडायचे आहे. उंच बांबूंच्या टोकांना बांधलेल्या टोपल्यांतून आकाशदिवे मिणमिणत आहेत. सातारा जिल्ह्यातून आलेल्या यात्रेकरूंच्या बायका कार्तिकस्नानासाठी पायऱ्या उतरत आहेत. या घाटावर मराठी माणसाला परके वाटत नाही. वरचे बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी पुन्हा उभारले, तर शेकडो पणत्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो.

सगळ्यांनी ओंजळीने आचमन केले. चोपन्न वर्षांच्या एका बाईने मात्र पाणी फक्त डोळ्यांना आणि कपाळाला लावले. धाकट्या जावेच्या ते लक्षात आले.

"अक्का, काशीला येऊन गंगेचं पाणी तोंडात घ्यायचं नाही, म्हणजे काय?"

अक्का गप्प राहिल्या. कारण सांगायचे तर चौदा वर्षांची हकिकत सांगावी लागली असती.

अक्का ही कुणी एक विशिष्ट बाई नव्हे. एचआयव्हीवरील औषधे वर्षानुवर्षे नेमाने घेणाऱ्या अनेकांची स्थिती कळावी म्हणून बेतलेले हे उदाहरण आहे. नवरा गेल्यावर अक्कांची तपासणी झाली. तेव्हा त्यांच्या रक्तातील सीडी-४ पेशी होत्या अवघ्या ६२. गोळ्या सुरू झाल्या, वजन वाढले, शेतातली कामे पुन्हा होऊ लागली. आज तपासणीत रक्तात विषाणू सापडत नाही. पण पेशी मात्र १९०च्या आसपास अडून बसल्या आहेत. "इतकी वर्षं गोळ्या खाऊन पेशी का वाढत नाहीत? मधे चुकवल्या असतील," असे घरातूनच ऐकावे लागते.

दोन आकडे, दोन अर्थ

सीडी-४ या रोगप्रतिकारशक्तीचे काम चालविणाऱ्या पांढऱ्या पेशी. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलीमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही नेमका त्यांच्यावरच घाला घालतो. रोज घ्यायची औषधे विषाणूची वाढ थांबवतात, म्हणजे शत्रूला कोंडून ठेवतात. पण पडलेली तटबंदी औषधे स्वतः बांधत नाहीत, ती शरीरालाच बांधावी लागते.

म्हणून रुग्णाच्या कागदावर दोन आकडे असतात. पहिला विषाणूंच्या प्रमाणाचा, त्यावरून औषध लागू पडते आहे की नाही ते कळते. दुसरा सीडी-४ पेशींचा, त्यावरून शरीर किती सावरले ते कळते. बहुतेकांचे दोन्ही आकडे सुधारतात. पहिल्या वर्षात पेशी साधारण ५० ते १५०ने वाढतात, पुढे सावकाश. परंतु काहींच्या बाबतीत पहिला आकडा उत्तम असूनही दुसरा वाढत नाही. किती पेशींना 'कमी' म्हणायचे यावर हे प्रमाण अवलंबून असते. वेगवेगळ्या पाहण्यांत ते दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत आढळले आहे.

पंचगंगेवर पाच नद्यांचा संगम होतो अशी श्रद्धा आहे: गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगाच. या आजारातही वरवर दिसते त्याच्या खाली बरेच काही चालू असते.

पेशी का अडतात?

सर्वांत मोठे कारण म्हणजे उशीर. उपचार सुरू होताना पेशी जितक्या कमी, तितके त्या पुरेशा वाढण्याची शक्यता कमी. दुसरे कारण वय. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. या पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. वयाबरोबर ती आक्रसत जाते.

तिसरे कारण आतड्यात दडलेले असते. आतड्याच्या अस्तराजवळ या पेशींचा मोठा साठा असतो आणि लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू तो उद्ध्वस्त करतो. मग आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहते. सदैव धगधगणाऱ्या चुलीत लाकूड लवकर संपावे, तशा पेशी लवकर खर्ची पडतात. लसिकाग्रंथींत व्रण धरतात, त्यामुळे नव्या पेशींना टिकायला जागा उरत नाही. क्षयरोग किंवा 'सी' प्रकारची कावीळ सोबत असेल, तर सावरणे आणखी कठीण होते.

यात गोळ्या चुकविण्याचा संबंध कुठे आहे? गोळ्या चुकल्या असत्या तर विषाणू वर आला असता. तो दबलेला आहे, हाच अक्कांच्या नेमाचा पुरावा आहे.

उशिराचा दोषही एकट्या रुग्णाचा नसतो. देशात मोफत औषधे १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. तेव्हा इतर गंभीर आजार नसेल, तर पेशी २००च्या खाली गेल्यावरच ती मिळत. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर नेली आणि २०१७पासून लागण कळताच, पेशी कितीही असोत, औषधे सुरू करण्याचे धोरण आले. त्यामागे मोठा आधार होता. ३५ देशांतील ४,६८५ लोकांवरील एका अभ्यासात, पेशी ५००च्या वर असतानाच औषधे सुरू केल्यास गंभीर आजार व मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी घटतो, असे २०१५ साली दिसून आले.

मग उपाय काय?

पेशी वाढविण्याची हमखास गोळी अजून नाही. इंटरल्यूकिन-२ या इंजेक्शनाने पेशी वाढतात असे दिसले होते. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, पाच हजारांहून अधिक लोकांवर प्रयोग करूनही, आकडा वाढला तरी आजार व मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा 'पेशी वाढवणारी' म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि काढे यांवर पैसे उधळण्यात अर्थ नाही. विषाणू दबलेला असताना केवळ पेशींसाठी आणखी औषधे जोडूनही लाभ होत नाही. गोळ्या थांबवणे तर घातकच, कारण पेशी कमी असल्या तरी त्या गोळ्यांनीच माणूस उभा असतो.

करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. दुसऱ्या एखाद्या औषधाने पेशी घटत नाहीत ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. पेशी ३५०च्या खाली असेपर्यंत जंतुसंसर्ग टाळणारी कोट्रायमोक्साझोलची गोळी दिली जाते, ती आपल्या मनाने बंद करू नये. खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे, यांपैकी एकही दिसले तर क्षयाची तपासणी करावी. स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी टाळू नये. तंबाखू, मिश्री सोडावी.

आणि पाणी! नदीत स्नानासाठी शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू २,५०० पर्यंत चालतील, असा आपल्याकडचा निकष आहे. पिण्याच्या पाण्यात मात्र असा एकही जंतू सापडता कामा नये. म्हणजे स्नानाला योग्य ठरलेले पाणीही पिण्याजोगे नसते. पेशी कमी असलेल्याला साधे वाटणारे जुलाबही अंथरुणाला खिळवू शकतात. अंगावर उघडी जखम असेल तर नदीत उतरू नये. उकळलेले पाणी जवळ ठेवावे. यात्रेला निघण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्राला सांगून पुरेशा गोळ्या घ्याव्यात. वाराणसीतही काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या रुग्णालयात असे केंद्र आहे.

पंगतीत जागा

घरच्यांनी एक गैरसमज मनातून काढून टाकावा. पेशी कमी म्हणजे लागण पसरण्याचा धोका जास्त, असे नव्हे. लागण विषाणूमुळे होते. औषधांनी तो सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही ती होत नाही. एका ताटात जेवल्याने तर ती कधीच होत नव्हती. कमी पेशींचा धोका असतो तो त्या माणसाला, इतरांना नाही.

अक्कांनी त्या दिवशी धर्मशाळेत परतल्यावर जावेला सारे सांगितले. जाऊबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, शेगडीवर पाणी उकळले, निवल्यावर अक्कांच्या बाटलीत भरले. गंगेचा गडू दोघींनी मिळून डाक लावून बंद करून घेतला, देवघरात ठेवण्यासाठी.

गावी परतल्यावर मावंदे झाले. जाऊबाईंनी पहिले पान अक्कांचे मांडले आणि त्यांच्या शेजारी आपले.