अदृश्याचे सादरीकरण

सत्राच्या उत्तरार्धात आपल्या विद्यापीठांच्या जैवतंत्रज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांतून विद्यार्थ्यांच्या सादरीकरणांचा जो हंगाम सुरू होतो, त्यात जैविक नॅनोतंत्रज्ञानाने अलीकडे मानाचे पान पटकावले आहे, ही गोष्ट बाह्य परीक्षक म्हणून चार ठिकाणी हजेरी लावणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. विषय नवा आहे, औषधशास्त्रापासून संगणनापर्यंत त्याला वाव आहे. तरुण मनाला त्याची ओढ वाटावी हे सर्वथा स्वाभाविक होय. माझी तक्रार आहे ती तो ज्या रीतीने मांडला जातो तिच्याविषयी. पडद्यावर एकामागून एक सरकणाऱ्या स्लाइडी, श्रोत्यांकडे पाठ करून त्यांवरील मजकुराचे केलेले पठण, अखेरीस पुष्पगुच्छाच्या चित्रासह आभार, आणि ‘एनी क्वेश्चन्स?’ असे विचारल्यावर पसरणारी ती सर्वसंमत शांतता, हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही उणे आहे असे शिक्षकांनाही वाटेनासे झाले आहे.

अन्य विषयांत हे एक वेळ खपून जाईल. पण ज्या शास्त्राची विषयवस्तूच डोळ्यांना दिसण्याजोगी नाही, तेथे ते खपवून घेणे म्हणजे शास्त्राच्या मुळावर घाव घालणे होय. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची जाडी अवघी २ नॅनोमीटर, आणि दृश्य प्रकाशाची आखूडात आखूड तरंगलांबी ४०० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे ज्या प्रकाशाने आपण जग पाहतो, त्याच्या एकेका लाटेत अशी दोनशे सर्पिले शेजारी शेजारी मावतील. एवढ्या लहान वस्तूचे जे चित्र आपल्यापुढे येते ते अनुमानाचे फळ असते. पर्वतावरील अग्नी सिद्ध करू पाहणाऱ्या नैयायिकालाही आधी धूर दाखवावा लागे. आमचे विद्यार्थी एकदम अग्नीचेच रंगीत चित्र लावतात, आणि धुराची चौकशी कोणी करीत नाही.

या चित्रांपैकी सर्वांत लाडके म्हणजे रक्तवाहिनीतून पाणबुडीच्या थाटात संचार करणाऱ्या, पुढे दिवा आणि बाजूला चिमटे असलेल्या नॅनोयंत्राचे. ते कोणा चित्रकाराने संगणकावर काढलेले असते, याचा उल्लेखही होत नाही. एडवर्ड पर्सेल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९७६ साली दिलेले एक व्याख्यान ज्याने वाचले आहे, त्याला हे चित्र पाहून हसू आवरणार नाही. जिवाणूच्या मापाला पाणी इतके चिकट भासते की पोहणे थांबवताच तो अणूच्या व्यासाहूनही कमी अंतरात जागीच थबकतो. माशासारखे शरीर झोकून देऊन पुढे घसरत जाण्याची सोय त्याला नाही, आणि ताठ वल्हे नुसते मागेपुढे केल्याने तो तसूभरही पुढे सरकत नाही. म्हणून तर त्याला मळसूत्रासारखी फिरणारी कशाभिका लागते. पाणबुडीचे चित्र लावणाऱ्याला एवढा एकच प्रश्न विचारावा, की हे यंत्र इंजिन बंद केल्यावर किती लांब जाईल? बहुधा सभागृहातील शिक्षकच खाली पाहू लागतील.

डीएनएच्या घड्यांची गोष्टही याच जातीची. पॉल रॉथमुंड यांनी २००६ साली विषाणूच्या ७,२४९ घटकांच्या एका लांब धाग्याला दोनशेहून अधिक आखूड धाग्यांनी टाके घालून सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीचे हसरे चेहरे बनवले. ते चेहरे आता प्रत्येक सादरीकरणात हसत असतात. पण हे चित्र कॅमेऱ्याने टिपलेले नसून एका अतितीक्ष्ण सुईने पृष्ठभाग चाचपून, उंचसखलपणाची नोंद करून, त्या नोंदीला मागाहून रंग देऊन तयार झाले आहे, हा तपशील, जो माझ्या मते चेहऱ्याहून अधिक विस्मयकारक आहे, तो मात्र गाळला जातो.

खरे सादरीकरण कशाचे करावे, याचा दाखला हवा असेल तर १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका जपानी निबंधाकडे बोट दाखवता येईल. पेशीतील एटीपी हे ऊर्जावाहक द्रव्य घडवणाऱ्या विकराचा एक भाग चाकासारखा फिरत असला पाहिजे, असे पॉल बॉयर यांचे जुने अनुमान होते, आणि १९९४ साली जॉन वॉकर यांच्या गटाने त्या विकराची रचना उलगडल्यावर ते बळावले. तथापि ते विकर फिरताना कोणी पाहिले नव्हते, आणि ज्याचा व्यास जेमतेम १० नॅनोमीटर ते पाहायचे तरी कसे? हिरोयुकी नोजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विकराचे बूड काचेला घट्ट चिकटवले, त्याच्या मधल्या दांड्याला अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा, विकराहून शेकडो पट लांब असा चमकता तंतू जोडला, आणि एटीपी सोडले. सूक्ष्मदर्शकाखाली तो तंतू गरगर फिरू लागला. आता येथे शंका काढावी तितकी थोडी. तंतू फिरला म्हणजे विकर फिरले हे कशावरून? पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनीही तंतू हलतोच की! त्याला उत्तर असे की धक्क्यांनी हलणारा तंतू दोन्ही बाजूंना डुलेल, हा मात्र वळण घेतो ते सदैव एकाच दिशेने, आणि एटीपी नसेल तर मुळीच फिरत नाही. ही एक आकृती आणि या दोन-तीन शंका एवढ्यावर एखाद्या विद्यार्थ्याने पाऊण तास रंगवला, तर त्याला पूर्ण गुण देताना माझा हात अडखळणार नाही.

याच विषयातली एक परंपरा तर आपल्या दाराशी जन्मली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने या शतकाच्या आरंभी बुरशीकडून चांदीचे नॅनोकण घडवून घेतले, आणि २००४ साली गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण मिळवल्याचे जगापुढे मांडले. त्या कामाची पुढे इतकी पिलावळ झाली की आज महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयात जा, कोणी तुळस उकळीत असतो, कोणी कडुनिंब, कोणी पेरूची पाने. अर्क गाळायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेट मिसळायचे, द्रव तपकिरी झाला की ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान प्रकाशशोषणाचे शिखर दाखवायचे, आणि मग जिवाणू पेरलेल्या पेट्री बशीत त्याची चकती ठेवून तिच्याभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. वर्तुळ उमटतेच. ते न उमटले तरच नवल, कारण चांदीचे मोकळे आयन स्वतःच जिवाणूंना मारक असतात. एकोणिसाव्या शतकात नवजात अर्भकांच्या डोळ्यांत संसर्ग टाळण्यासाठी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालीत ते याच कारणाने. सबब त्या बशीत नुसत्या सिल्व्हर नायट्रेटची एक आणि नुसत्या अर्काची एक अशा दोन चकत्या शेजारी नसतील, तर त्या वर्तुळाचे श्रेय कणांना द्यायचे की उरलेल्या आयनांना, याचा फैसला होणे अशक्य. तरीही अनेकदा मी ती बशी पाहतो, आणि त्या दोन चकत्या तीत नसतात.

यावर विभागप्रमुखांचा खुलासा ठरलेला असतो: विद्यार्थी पुष्कळ, वेळ थोडा, आणि मुले प्रश्नच विचारीत नाहीत. पहिल्या दोन अडचणी मान्य आहेत. तिसरीचे मूळ मात्र मला निराळे दिसते. ज्या मुलाचे सारे शिक्षण मराठीत झाले, त्याला इंग्रजी स्लाइड वाचणे जमते, पण शंका विचारायला जी भाषा लागते ती त्याच्या ओठांवर इंग्रजीतून येत नाही, आणि मराठीत विचारले तर हसे होईल ही धास्ती. एकदा एका विद्यार्थिनीला मी म्हटले, “बाई, तुम्ही हे मला मराठीत सांगा.” आतापर्यंत चाचरणारी ती मुलगी फळ्याकडे गेली, खडू घेतला, आणि आकृती काढून तिने अर्क नेमका कोठे कमी पडला ते असे सांगितले की तिच्या मार्गदर्शकांनाही ते नवे होते.

तेव्हा माझी तजवीज साधी आहे. प्रत्येकाने एकाच निबंधातील एकच आकृती निवडावी. ती मांडायला दहा मिनिटे, आणि तिच्यावरील प्रश्नांना तितकीच. प्रश्न कोणत्याही भाषेत चालतील, आणि अर्धे गुण त्यांच्यासाठी राखून ठेवावेत, विचारणाऱ्यालाही आणि उत्तर देणाऱ्यालाही. पानांच्या अर्काचे प्रकल्प ज्यांना करायचे असतील त्यांनी खुशाल करावेत. मात्र त्या दोन चकत्या नसलेली बशी विभागाने पाहूच नये. त्यासाठी निधीचा अर्ज करण्याची गरज नाही. सिल्व्हर नायट्रेटची बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात उघडलेलीच असते.