पापाचें माप कोणाच्या हातीं?

दर जानेवारींत मढजवळच्या एरंगळास संत बोनाव्हेंचर यांच्या चर्चपाशीं जत्रा भरते. ख्रिस्ती व हिंदु दोघेही तेथें जमतात. पाद्र्यापाशीं पाप कबूल करून प्रायश्चित्त घेण्याची ख्रिस्ती चाल फार जुनी आहे. तिची हकीकत आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं ऐकण्यासारखी आहे.

सहाव्या शतकांत आयर्लंडांत फिनियन नांवाच्या साधूनें प्रायश्चित्तांचा ग्रंथ केला. शेजाऱ्यास मारण्याचा बेत मनांत धरला, तर गृहस्थास सात दिवस प्रायश्चित्त. तोच बेत पाद्र्यानें केला, तर सहा महिने मोजकी भाकर व पाणी! संसारी माणसाचा दोष हलका, असें कारण त्यानें दिलें.

आमच्या मनुस्मृतीचा काटा उलटा. शूद्राच्या वधाचें प्रायश्चित्त तींत मांजर, बेडूक, कावळा यांच्या वधाइतकेंच! इतरांस जेथें देहान्त शिक्षा, तेथें ब्राह्मणास नुसतें मुंडण.

पण तिकडेही लोभ शिरलाच. उपासाऐवजीं पैसा चालूं लागला; श्रीमंत सुटला, गरीब उपाशी राहिला. पुढें क्षमापत्रांचा बाजार मांडला गेला. त्याविरुद्ध १५१७ सालीं मार्टिन लूथर या धर्मगुरूनेंच आवाज उठविला, आणि १५६७ सालीं पोप पाचवे पायस यांनीं पैसे घेऊन क्षमापत्रें देणें बंद केलें.

देव व माणूस यांच्यामध्यें दलाल नको, हें जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापून आम्हांस शिकविलें. आम्ही म्हणतों, खोट्या खतानें शेत लुबाडणाऱ्या सावकाराचें पाप भटाला गाय दिल्यानें फिटत नाहीं. ज्याचें शेत त्याला परत करावें. तेंच खरें प्रायश्चित्त!