गाडीचे वय पाहून ऑइल ठरवू नका

लाखभर किलोमीटर झालेली गाडी घेऊन गल्लीतल्या गॅरेजात गेलात की सल्ला ठरलेला असतो: "जुनं इंजिन आहे, जरा जाड ऑइल टाकू." मग चेंबरमध्ये २०डब्ल्यू-५० ओतले जाते. टॅपेटचा आवाज दबतो, गाडी शांत वाटते, मालक समाधानाने घरी जातो. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. त्यापायी धडधाकट इंजिने झिजतात आणि झिजलेली इंजिने धडधाकट म्हणून विकली जातात.

आधी पूर्वपक्ष पुरता मांडतो. इंजिन झिजते तशी क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट वाढते. फटीतून निसटणारे ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट सव्वापट झाली तर निसटणारे ऑइल जवळपास दुप्पट होते आणि दाब उतरतो. जाड ऑइल कमी निसटते, म्हणून दाब टिकतो. हे गणित बिनचूक आहे. शिवाय हा नियम ज्या जुन्या मेस्त्रींकडून आला, ते १०८९ सीसीच्या प्रीमियर पद्मिनीवर आणि अॅम्बॅसॅडरवर हात बसवलेले लोक होते. त्या इंजिनांना जाड ऑइलच योग्य होते. पद्मिनी सांभाळून असलेल्यांनी आजही तेच घालावे. पातळ पेट्रोल ऑइलमधल्या फॉस्फरसवर २००४ पासून ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली आणि त्याबरोबर झीज रोखणारे झिंकही कमी झाले. पद्मिनीच्या जुन्या घडणीच्या कॅमशाफ्टला ते कमी पडू शकते.

पण आज सेकंडहँड बाजारात पद्मिनी येत नाही. तिथे येतात स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन. वेळच्या वेळी ऑइल बदललेले असे इंजिन लाख किलोमीटरला बेअरिंगने सैल झालेले नसते. ज्याची फट खरोखरच वाढली आहे त्याला दुरुस्ती हवी. आणि ज्याची फट वाढलेलीच नाही, त्याला केवळ आरसी बुकातले वर्ष पाहून जाड ऑइल पाजणे हे निदानाआधी औषध देणे झाले.

थोडे आकडे पाहू. १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापलेले असताना, ३० दर्जाच्या ऑइलचा चिकटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतो. ५० दर्जाचा १६.३ ते २१.९. आता इंजिन गार असतानाचे पाहा. ४० अंशांना ५डब्ल्यू-३० साधारण साठ-सत्तर सेंटिस्टोकच्या घरात असते आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर जाते. म्हणजे ज्याला आपण पातळ म्हणून नाक मुरडतो, तेही गार असताना गरजेच्या सहापट घट्ट असते. पुण्या-नाशिकच्या थंडीत पारा दहा अंशांवर आला की ही तफावत आणखी रुंदावते. इंजिनाची बरीच झीज सुरुवातीच्या अशा गार मिनिटांत होते.

"पण दाब तर चांगला दिसतो," असे उत्तर येते. दाब दिसतो, कारण घट्ट ऑइल पुढे सरकायला अडते. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल वर जाण्याऐवजी पुन्हा चेंबरकडे वळते. फिल्टरचा बायपासही उघडू शकतो, मग न गाळलेले ऑइल फिरते. डॅशबोर्डवरचा दिवा विझला एवढ्याने हेडपर्यंत ऑइल पुरेसे पोचले असे होत नाही.

याचा सर्वांत मोठा फटका आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या १.३ डिझेलला, म्हणजे फियाटच्या १२४८ सीसी मल्टिजेटला बसतो. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत हेच इंजिन. त्याच्या टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर ताणला जातो, टॅपेट हायड्रॉलिक आहेत आणि टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. तिथे ऑइल वंगणाबरोबर यंत्राचे कामही करते. पहाटेच्या स्टार्टला ते वर पोचायला उशीर झाला की चेन खडखडते. हा खडखडाट ऐकून आणखी जाड ऑइल सुचवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

दुसरी समजूत अशी की सिंथेटिकने जुन्या गाडीला गळती लागते. हिला मूळ आहे. १९७०च्या दशकातल्या सिंथेटिक ऑइलने रबरी सील आकसत. नंतर एस्टर मिसळून तो दोष दूर केला गेला. आज गळती दिसली तर बहुधा सील आधीच कडक झालेले असते आणि साचलेल्या गाळाने भोक बुजवलेले असते. स्वच्छ ऑइल तो गाळ धुऊन काढते. सील बदलायचा खर्च फार नसतो. गाळ मात्र चेंबरमधल्या जाळीत अडकला तर पंप उपाशी राहतो. याच कारणासाठी जुन्या, दुर्लक्षित इंजिनात रॉकेल किंवा डिझेल घालून फ्लश करू नये. दोन-तीन हजार किलोमीटरवर फिल्टरसकट ऑइल बदलत राहावे. गाळ हळूहळू निघतो.

उलट टोकाचेही लोक आहेत. एव्हरेज वाढावे म्हणून कंपनीने ज्याची शिफारसच केलेली नाही अशा जुन्या इंजिनात ते ०डब्ल्यू-२० घालतात. ज्या बेअरिंगची आखणी ३० किंवा ४० साठी झाली, त्यांना घाटात चढावर तापल्यावर तो पातळ थर अपुरा पडू शकतो. तेही तितकेच चूक.

माझे म्हणणे असे. कंपनीच्या पुस्तिकेत तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो. इंजिन ऑइल खात नसेल, धूर मारत नसेल, तर तक्त्यातलेच ग्रेड घाला, गाडी पाच वर्षांची असो की पंधरा. ऑइल खात असेल तर मागचा आकडा एक पायरी वर न्या, तक्ता परवानगी देतो तिथवर: ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०. पुढचा आकडा वाढवायची गरज नाही. तो गार इंजिनाचा आकडा आहे आणि झिजलेल्या इंजिनाला गार असताना जाड ऑइलचा काहीही लाभ नाही. डब्यावरचा एपीआय दर्जाही बघा. पद्मिनीसारखी जुनी घडण सोडली तर पेट्रोलसाठी एसएल मागितले तिथे एसएन किंवा एसपी चालते. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल आता सेकंडहँडला येऊ लागली आहे. तिच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी गाळणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचे ऑइलच हवे, नाहीतर तो कायमचा चोंदतो.

ऑइल काळे झाले म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये ते काही शे किलोमीटरमध्येच काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. दुधाळ, कॉफीसारखे झाले तर मात्र गाडी हलवू नका. कूलंट आत येत आहे.

आता विक्रीची गोष्ट. जाड ऑइल भरून टॅपेटचा आवाज आणि थोडा धूर आठवडाभर झाकता येतो, आणि ही युक्ती बाजारात सर्रास चालते. घेणारा बहुतेकदा पहिलीच गाडी घेणारा, कर्ज काढलेला माणूस असतो. महिन्याभरात त्याच्यापुढे हाफ इंजिनाच्या कामाचा खर्च उभा राहतो. ही फसवणूक आहे आणि तिला मेस्त्रीने हातभार लावू नये.

तेव्हा सेकंडहँड गाडी घ्यायला जाल तेव्हा सकाळी, इंजिन गार असताना जा. विकणाऱ्याने आधी तापवून ठेवलेले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पहिल्या स्टार्टला निळा धूर आला आणि लगेच थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेली असण्याचा संभव मोठा. रेस दिल्यावर निळा धूर चालूच राहिला आणि डिपस्टिकच्या भोकातून बॅक कॉम्प्रेशन मारत असेल तर रिंगांवर संशय घ्या आणि कॉम्प्रेशन टेस्ट करून मगच भाव ठरवा. गाडी घरी आली की जुने ऑइल आणि फिल्टर दोन्ही काढून टाका. नवे ऑइल अधिकृत विक्रेत्याकडून सीलबंद घ्या आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाका, नाहीतर तो बनावट ऑइल भरून पुन्हा बाजारात येईल.