मुलाच्या बाजूची सही

चर्चने चालवलेल्या कौशल्य-वर्गांवर दोन आक्षेप हमखास येतात. एक, हे धर्मांतराचं आमिष आहे. दुसरा अधिक गंभीर: गरिबाच्या पोराला पाना आणि सुखवस्तूच्या पोराला पदवी, म्हणजे जुनी उतरंडच पक्की करणं.

पहिल्याला इटलीतल्या तुरिन शहराचा दाखला पुरेसा आहे. 1841 मध्ये धर्मगुरू झालेले जॉन बॉस्को तिथल्या तुरुंगांत जाऊ लागले. कोवळ्या वयाची धडधाकट मुलं सुटत आणि पुन्हा आत येत, कारण बाहेर त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. ही मुलं जन्मानंच कॅथलिक. बॉस्को त्यांना धर्मशिक्षण देत, ते त्यांनी लपवलंही नाही. पण धर्म बदलायचा तिथे प्रश्नच नव्हता, प्रश्न भाकरीचा होता. आज कुणी वर्गाच्या दारात श्रद्धेची अट घालत असेल, तर तिला विरोध झालाच पाहिजे.

दुसरा आक्षेप मला अर्धा पटतो. नुसत्या पान्यानं कुणी वर येत नाही. आपल्या गॅरेजातला छोटू वर्षानुवर्षं पाने उचलून देतो, चहा आणतो, उस्तादाच्या चापट्या खातो. इंजिनाला हात लावायची पाळी येतच नाही. तुरिनच्या कारखान्यांतही हेच चाले. बॉस्कोंनी त्यावर लेखी करार काढला. फेब्रुवारी 1852 मध्ये एका मुलाला सुताराकडे ठेवताना केलेल्या करारात मालकानं कबूल केलं: मुलाला सुतारकामाखेरीज दुसऱ्या कामाला जुंपणार नाही, चुकला तर शब्दानं सांगेन, मारणार नाही, मजुरी ठरल्याप्रमाणे वाढवीन, सणवारी मोकळा सोडीन. खाली मालकाबरोबर बॉस्कोंचीही सही. त्या मुलासाठी याआधी कागदावर कुणी उभं राहिलं असेल, असं मला वाटत नाही.

आणि पुस्तक? संध्याकाळी वाचन-गणिताचे वर्ग होतेच. 1850 पासून तिथल्या राज्यात मेट्रिक मापं लागू होणार म्हणून बॉस्कोंनी त्यांवर सोपी पुस्तिका लिहिली. माप न कळणाऱ्या गवंड्याला कुणीही फसवू शकतं. पाना आणि पुस्तक यांत निवड करायला त्यांनी मुलांना कधीच लावलं नाही. 1853 पासून चांभारकाम आणि शिवणकामाच्या, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई, लोहारकामाच्या कार्यशाळा त्यांनी स्वतःच्याच आवारात काढल्या.

आपल्याकडे 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. लेखी करार आणि विद्यावेतन त्यात आहे, पण छोटूपर्यंत तो पोचत नाही. तिथपर्यंत जायला माणूस लागतो. म्हणून कोणत्याही मिशनच्या वर्गाला मी एवढंच विचारीन: प्रमाणपत्र दिल्यावर सहा महिन्यांनी त्या मुलाच्या कामावर तुमच्यापैकी कोण जातं? बॉस्को आठवड्यात वेळ काढून बांधकामांवर जात, आणि आपल्या गवंडी पोरांना शोधून त्यांची विचारपूस करत.